धूळ ओढणारं टेबल

लवू, तू विचारलंस म्हणून सांगतो,
नाहीतर दाखवण्यासारखं त्यात काही नाही.
रंगसुद्धा दिलेला नाही.

अजमानात, आमच्या जुर्फच्या शेडमागे,
पाडलेल्या व्हिलांचं सामान येऊन पडतं.
त्यातलं कपाटाचं एक दार उचललं,
बिजागऱ्या अजून लोंबत होत्या त्याला.
बंद पडलेल्या कॅफेटेरियाचा एक्झॉस्ट फॅन
कुंजाळीने पंधरा दिरहमला सोडवून आणला.
पात्यांवर पराठ्यांच्या तेलाचा बोटभर थर.
सोड्याने धुतला, तरी दोन दिवस
बर्मा सागाला नाश्त्याचा वास येत होता.

दाराला भोकं पाड, दोन-दोन बोटांवर.
करंगळी जाईल एवढी नकोत,
माझी बारीक पटाशी पहिल्याच दिवशी खाली गेली.
खाली खोका. त्याचा तळ उतरता ठेव,
आपल्या पडवीच्या कौलांसारखा.
धूळ आळशी असते, तिला उतार लागतो.
उताराच्या पायथ्याशी लबनची रिकामी बादली,
आणि फॅनच्या आधी एसीचा फिल्टर.
आधी.
मी नंतर लावला होता,
मोटर तिसऱ्या दिवशी खोकायला लागली.

सांध्यांना टेप मार. शिट्टी वाजेल तिथे गळतंय समज.
काम लहान असेल तर उरलेल्या भोकांवर पुठ्ठा टाक.
हे चिनियोटच्या इफ्तिखारचं ज्ञान:
तोंड लहान केलं की श्वास मोठा होतो.
खर्च सगळा मिळून बेचाळीस दिरहम,
त्यातले दहा पटाशीच्या नव्या मुठीचे, ते धरू नकोस.

पहिल्यांदा बटण दाबलं
तर टेबलाने आधी नक्षीचा कागदच पकडला,
सोडेना.
मग मी रवळनाथाच्या फोटोपुढची उदबत्ती आणून धरली.
धूर सवयीने वर निघाला,
थबकला,
मान वाकवली त्याने
आणि भोकातून खाली गेला.
आम्ही तिघं बघत राहिलो.
धुराला असं माघारी फिरताना
आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी बादली काढली.
सहज म्हणून बकाल्यावर नेली, काट्यावर ठेवली.
साडेतीन किलो.
सहा दिवसांची.
दुकानदाराने विचारलं, पीठ आहे का?
त्याचा कॅल्क्युलेटर तिथेच पडला होता.
एकोणीस वर्षं झाली मला इथे.
मी गुणाकार केला नाही.

आपल्या अप्पांनी जन्मात विडी ओढली नाही, लवू.
तरी सगळं घर म्हणायचं, हा विडीचा खोकला.
फणसाच्या लाकडाचं मखर कोरून घरी आले
की भुवया पिवळ्या, कानाच्या पाळ्या पिवळ्या.
तुझी आजी म्हणायची, आला हळद लावून नवरदेव.
रुमालातही पिवळंच पडायचं.
आम्ही त्याला कफ म्हणत राहिलो.

आता बादली शेजारच्या गॅरेजवाला जरीन खान नेतो.
ऑइल सांडलं की त्यावर मूठभर टाकतो,
क्षणात काळं होतं, झाडून काढतो.
कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या दरवाजाची
ती वेल, ती पानं,
जिथे जिथे पान नाही तेवढा सगळा भाग
इथे जमिनीवर तेल पितो.

मास्क मात्र लाव. टेबल सगळं ओढत नाही.
काल फॅन बंद करून चहा घेत बसलो होतो,
पत्र्याच्या भोकातून ऊन तिरकं आत आलं,
त्यात काहीतरी तरंगतच होतं.
बाहेरची वाळू असेल, म्हटलं, शमाल सुटलाय.
कुंजाळी काही बोलला नाही.

फोटो पाठवतोय. उतार त्यात दिसणार नाही,
तो खालून हात घालूनच कळतो.
तुझं झालं की पहिली बादली
कुडाळच्या बाजारात कुणाच्याही काट्यावर ठेव,
आणि आकडा तेवढा मला कळव.