जुन्या आवृत्त्या

सोमवारी कंपनीने कळवलं:
फाइलींच्या जुन्या आवृत्त्या यापुढे
फक्त तीस दिवस राहतील.
मजकुराखाली एक हसरा ढग.

मंगळवारी तार्तूच्या आमच्या कचेरीत
सहाशे बारा पत्रं.
बाहेर एमायोगी नदी गोठलेली,
आत केर्ली, कॉफीचा तिसरा कप विसरून,
'चोर' हा शब्द किती भाषांतून आला
ते मोजत बसलेली.

माझ्याकडे उत्तरं तयार असतात. पाच.
'तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो' हे पहिलं.
पाचव्यात दोन महिने फुकट;
ते हातात नारळ ठेवावा तसं देतो.

रीगाचा फोटोग्राफर लिहितो:
सात वर्षं पैसे मोजले,
आता तोंडाला पानं पुसलीत.
खरं आहे त्याचं.
हेलसिंकीचा वकील कलम दाखवतो.
विल्यांदीच्या गायकवृंदाची बाई रागावलेली नाही,
ती नुसतं विचारते,
आल्टोंची ओळ मी गेल्या वर्षी बदलली,
आधीचीच बरी होती हे आज गाताना कळलं,
मग आता?
आणि एक जण, नाव न देणारा,
त्याला आवृत्त्यांशी देणंघेणं नाही.
त्याला बटण पूर्वीसारखं निळं हवंय.
हे त्याने नऊ वेळा लिहिलंय.

ढगबिग काही नसतं
हे मी कुणालाच सांगत नाही.
शहराबाहेर एक शेड आहे, रात्रंदिवस गुणगुणणारी,
आणि तिचं वीजबिल.

गुरुवारी हापसालूहून हिल्या तामसालू.
वय एकोणऐंशी, असं तिने आपणहून लिहिलं,
जणू त्याचा रकानाच होता.

'आर्वो, माझा नवरा, बाजाराची यादी
तुमच्याकडे ठेवायचा. एकच फाइल,
आवृत्त्या दोनशे सात.
शेवटचीत नुसतं दूध आहे.
तिच्या आधी दूध, दूध.
तिच्याही आधी दूध, काळा पाव, हिल्याला विचार.
मी मागे मागे जात राहते.
चाळीस मागे गेलं की त्याला शेपू आठवतो.
नव्वद मागे, मासळीवाल्याचं नाव.
एकशे साठ मागे तो लिहितो:
कांदे, पण न रडवणारे.
तिथपासून माझा आर्वो
सगळाच्या सगळा आहे.

माझी तक्रार नाही.
एवढंच कळवा, कोणत्या दिवशी, किती वाजता?
मला जागं राहायचंय.'

पाच उत्तरांत हे नव्हतं.
केर्लीला दाखवलं. तिने खांदे उडवले,
मग बराच वेळ काही टाइप केलं नाही,
मग शेडमधल्या कुणाला तरी फोन लावला
आणि पाठ माझ्याकडे करून बोलली.

मी लिहिलं:
बुधवार, अकरा मार्च, पहाटे पाच.
तोवर सगळ्या आवृत्त्या उतरवून घेता येतील,
कसं ते खाली देतो, पायरी पायरीने,
अक्षर मोठं ठेवलंय.
'आपले विनम्र, ग्राहक सेवा' खोडलं.
इंद्रेक, असं लिहिलं.

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी:
'उतरवून घेतेच आहे. वहीत, पेनाने,
रोज आठ.
तो जिथे खोडायचा तिथे मीही आधी लिहिते, मग खोडते.
तुमच्या पायऱ्या वाचल्या. नीट लिहिल्यात.'

अकरा मार्चला पहाटे पाच वाजता
मी झोपलेलो होतो.
उगाच खोटं कशाला सांगू.
आठला कचेरीत पोचलो तेव्हा
नदीचा बर्फ कडेकडेने काळा पडू लागला होता.
हापसालूहून काही नव्हतं.

पहिलंच पत्र त्या बटणवाल्याचं:
निळं केलंत, पाहिलं.
पण हे ते निळं नाही.