पंचवीस पाय

तिबिलिसीहून येताना एक वही आणली होती मी,
जाड पुठ्ठ्याची, आत एकशे चार कोडी.
स्वानेतीच्या या शाळेत मुलं अकरा, शेगडी एक,
सरपण ज्याने त्याने घरून आणायचं.
(माझाही रोज एक ओंडका. बाई म्हणून सूट नाही.)

पहिल्याच दिवशी सांगितलं:
दोन मेंढपाळ खिंडीत जेवायला बसले.
एकाकडे मक्याच्या चार भाकरी, दुसऱ्याकडे दोन.
तेवढ्यात तिसरा आला, हात हलवत.
तिघांनी सारख्या वाटून खाल्ल्या
आणि जाताना तो सहा लारी ठेवून गेला.
तर सांगा, कोणाला किती?

उत्तर ओठांशी धरून मी उभी:
चार आणि दोन म्हणाल तर फसाल!
दुसऱ्याने आपल्याच दोन खाल्ल्या,
त्याला दमडीही नाही.

कोणी हात वर करेना.
मग शेवटच्या बाकावरून जानसुग उठला, कान लाल.
"पाहुण्याने पैसे दिले?"
"हो."
"आणि यांनी घेतले?"
वर्ग असा गप्प, जशी शेजाऱ्याच्या घरात चोरी सापडावी.
"कुठल्या गावचे होते ते, बाई?"

वहीतल्या त्या पानावर मी काट मारली.

मग दुकानदाराचं कोडं.
चाळीस किलोचं दगडी वजन हातातून निसटलं,
तुकडे झाले चार: एक, तीन, नऊ, सत्तावीस.
आणि गंमत बघा, आता एकापासून चाळीसपर्यंत
हवं ते तोलता येऊ लागलं!
पाच किलो पीठ? नऊचा तुकडा या पारड्यात,
एक आणि तीन पिठाच्या बाजूला.
मझेविनारने चौदा काढले, बावीस काढले,
बोटांवर, न बोलता, एकही न चुकता.
मग म्हणाली, "आमच्या मावशीचं वजन पडलं
ते तिच्या पायावर.
त्याचा हिशेब आहे का वहीत?"

फेब्रुवारीत रस्ता एकोणीस दिवस बंद.
दिवे गेले, बटाटे उरले, कोडी संपली.
म्हटलं, आता तुम्ही घाला.
सगळ्यात लहान मुर्झाकान, पुढचे दोन दात नसलेला:
"आमच्या गोठ्यात मेंढ्या, कोंबड्या आणि एक कुत्रा.
डोकी आठ. पाय पंचवीस.
मेंढ्या किती?"

मी हसले. खडू घेतला.
"अरे, चारांचे पाय सम, दोनांचे पाय सम,
बेरीज विषम येईलच कशी?
नीट मोजून ये बरं."

तो खरंच गेला.
जेवणाच्या सुट्टीत, मांडीएवढ्या बर्फातून,
आणि धापा टाकत परत आला:
"पंचवीसच."

बाकीची दहा मुलं खिडकीबाहेर बघत होती.
त्यांना ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं.
फळ्यावर मी सम-विषमाचा नियम लिहिला होता,
मोठ्या अक्षरांत, खाली दोन रेघा मारून.

"बासारा आलाय माझ्याबरोबर," मुर्झाकान म्हणाला.
"आत घेऊ? मागच्या साली लांडगा आला तेव्हा
मेंढ्या सगळ्या वाचल्या."

एकशे पाचवं कोडं मी त्याच रात्री उतरवलं.
उत्तराची जागा कोरी आहे, मेंढ्या तुम्ही मोजा.
मी सकाळी दार उघडलं तेव्हा
पायरीपासून वळणापर्यंत कालचे ठसे तसेच होते,
गोठून काचेसारखे झालेले:
दोन, तीन,
दोन, तीन.