बत्तीस वळणं

आमच्या बोलीत पाळीला आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला
एकच शब्द आहे, आयबाशी.
लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात गुलिझार म्हणाली, आयबाशी आलीय,
आणि मी म्हणालो, अगं, आज तर सोळा तारीख.
ती हसली, मग पोट धरून भिंतीशी बसली.
मला वाटलं, हसून हसूनच बसली.

इतका मी अडाणी.
चायेलीपासून वरच्या गावापर्यंत बत्तीस वळणं,
कुठली दरड सैल, कुठे धुकं दुपारपासूनच दबा धरून,
सगळं तोंडपाठ.
मिनीबसच्या नुसत्या खोकल्यावरून सांगतो
कुठली नळी दुखतेय.
आणि घरात, हाताच्या अंतरावर,
एक माणूस दात आवळून पडलंय
हे कळायला मला चार वर्षं लागली.

आधी मी उपाय सांगायचो.
आल्याचा चहा घे. गोळी घे. जरा चाल, मोकळं वाटेल.
माझ्या आईला पाच मुलं झाली, ती कधी आडवी पडली नाही.
हे शेवटचं वाक्य एकदाच बोललो.
त्यानंतर तीन दिवस गुलिझार माझ्याशी
मीठ आणि कोळसा
एवढ्या दोनच विषयांवर बोलली.

त्रबझोनच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढलं,
आत कुठे काय चिकटलंय ते पेन्सिलीनं दाखवलं.
आजाराचं नाव लांबलचक, माझ्या जिभेवर बसत नाही.
परतताना समुद्राकडे बघत ती म्हणाली,
"म्हणजे मी नाटक करत नव्हते."
कुणाला म्हणाली कोण जाणे.
गाडीत मी एकटाच होतो.

आता काझिमच्या दुकानात मीच जातो.
काझिम पॅडचा पुडा वर्तमानपत्रात गुंडाळतो,
मग काळ्या पिशवीत, मग पिशवीला गाठ,
जणू मी पिस्तूल नेतोय.
मीही आधी ते कोटाच्या आत धरायचो.
एका रात्री गाठ सुटेना म्हणून दातांनी फाडली,
तर आतल्या कागदावर कुणीतरी अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं.
आडवे सात : आपल्या समुद्रातला छोटा मासा, आमच्या लिपीत पाच अक्षरं.
"हम्सी," उशीत तोंड खुपसलेली गुलिझार म्हणाली,
"एवढं पण येत नाही?"
मग मी विचारत गेलो,
ती दोन कळांच्या मधल्या जागेत उत्तरं देत गेली.
पाण्याची पिशवी निवली की उठायचो,
ती माझ्या जुन्या लोकरी मोज्यात घालून परत द्यायचो.
उभे अकरा दोघांनाही आलं नाही.
अजून आलेलं नाही.
काझिमला आता सांगतो, काळी पिशवी नको,
गाठ तर मुळीच नको.
कागद राहू दे. कोड्याचं पान असेल तर बघ.

परवा तिला खाली दवाखान्यात न्यायचं होतं.
पुढच्या सीटवर ती, मांडीवर मोजा.
मागे चहा खुडणाऱ्या बाया, त्यांच्या कात्र्या, ओली पोती,
आणि रेजाई, ज्याला जन्मापासून उशीर होतोय.
मी प्रत्येक वळण हळू घेत होतो,
खड्डा आला की आधी एक चाक, मग दुसरं,
झोपलेल्या पोराला अंथरुणावर ठेवावं तसं.
बाराव्या वळणावर रेजाई ओरडला,
"दुर्सुन, अंडी वाहतोयस काय रे?"

गुलिझारनं मान वळवली.
चेहरा पांढराफटक, आवाज मात्र खणखणीत.
"हो," म्हणाली, "माझी."

एक क्षण नुसतं इंजिन.
मग मागे म्हातारी शेहरीबान खुदकली,
तिच्या शेजारची खुदकली,
आणि हसू सीटमागून सीट करत पुढे येऊ लागलं.
रेजाई खिडकीबाहेर चहाचे मळे बघत बसला,
जन्मात कधी पाहिले नसल्यासारखे.

मला तो विनोद एकोणिसाव्या वळणावर कळला.
मी वळून तिच्याकडे पाहिलं.
"रस्त्याकडे बघ," ती म्हणाली.
मी गिअर एक खाली आणला.