आधी हवा, मग पाणी

तेजरावचा बर्फाचा टेम्पो
राजूरच्या चढाला रोज धापा टाकायचा.
मे महिना, जालन्यात त्रेचाळीस.
मागं भुश्यात निजलेल्या लाद्या,
पुढं तापलेलं इंजिन.
एका गाडीत दोन ऋतू
आणि मधे नुसता एक पत्रा.

"टर्बो हाये तरी रेटा नाही, कामून?"
वजीरमिस्त्रींनी बोनेट उघडलं,
पाइपाजवळ हात नेला,
लावला नाही.
टर्बो हवा दाबतो, दाबली की ती तापते,
तापली की विरळ होते,
आणि विरळ हवेवर डिझेल नीट जळत नाही.
हे मला आठवीतच कळलेलं,
बापाच्या दुकानात
रेडिएटरला झाळ मारता मारता.

जाळीमागं हवेचा इंटरकूलर होता की.
पण चढाला गाडी चालणार बैलाच्या चालीनं,
वारा यायचा कुठून?
आला तरी त्रेचाळीसचा.
जो स्वतःच पोळलाय
तो दुसऱ्याला किती निववणार.

मागच्या फळकुटाखालून पाणी गळत होतं,
बर्फाचं, टपटप.
जालना ते भोकरदन एक ओली रेघ,
मागच्या गाडीला दिसायच्या आत वाळणारी.
मिस्त्री त्या थेंबांकडं बघत बसले.
हातातला चहा निवून गेला.
"छोकरी, ये पानी किधर जाता?"

मग भंगारातून आला पाण्याचा इंटरकूलर,
कुण्या ठोकलेल्या मोटारीतला,
फवारणीच्या पंपाची मोटार,
पत्र्याची टाकी,
भुसा गाळायला आईच्या जुन्या पातळाचा
चौपदरी तुकडा.
मी सहा सांधे झाळले.
एक गळला. पुन्हा झाळला.

"आधी पाणी लावू," मी म्हटलं,
"हवा गरम आहे तोवरच बर्फावर घालू."
मिस्त्री काही बोलले नाहीत.
सळईच्या कारखान्यातून उसना आणलेला मीटर,
खोक्याच्या पुठ्ठ्यावर माझी पेन्सिल:
टर्बोतून एकशे तीस.
पाण्यातून अडतीस!
मी उडीच मारणार होते.
पुढं हवेच्या जाळीतून निघता निघता
बेचाळीस.
बाहेरच्या उन्हानं
माझी गारवणूक परत तापवून दिली होती.
आणि दहा मिनिटांत टाकीतलं पाणी कोमट,
तेजराव लाद्यांकडं बघून हळहळत उभा.

मिस्त्रींनी पाना उचलला.
"ठंडी करी सो चीज
फिर धूप में कायकू फिराना?"
रागावले असते तर बरं वाटलं असतं.

रात्रभर पाइप उलटे केले.
आता आधी वारा:
एकशे तीसचे अठ्ठ्याहत्तर,
मोठा घास त्याचा, तो फुकट, तो संपत नाही.
मग पाणी:
अठ्ठ्याहत्तरचे चाळीस,
आणि ते चाळीस थेट इंजिनाच्या तोंडी,
मधे कुठं न थांबता.

राजूरचा चढ तेजराव तिसऱ्यात चढला.
फोनवर नुसता हसत होता.
संध्याकाळी पुन्हा फोन.
भोकरदनच्या लग्नात लाद्या उतरल्या,
टाकी कोरडी पडली, आता परत कसा येऊ?
"रात हो गई ना?" मिस्त्री म्हणाले,
"अब हवा काफी हय."

आठवड्यानं मी त्याच्यासोबत गेले,
मीटर पायाशी घेऊन.
राजूरच्या फाट्यावर गाडी थांबली तसं
एक लंगडं कुत्रं उठून मागच्या चाकाशी आलं,
कोरडं डांबर हुंगलं,
पुन्हा हुंगलं,
आमच्याकडं बघत राहिलं.
बर्फाचा एक थेंबही
आता आम्ही वाया जाऊ देत नव्हतो.

परत आल्यावर टाकीच्या तळाशी
मी सुईएवढं भोक पाडलं.
मिस्त्रींनी वाकून पाहिलं.
"सांधा गळतोय का?"
"हो," म्हटलं,
"तो एक काही केल्या बसत नाही."