तपकिरी

तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा दिसलं.
रात्री कुणी येऊन
टाकीभर तपकीर फुंकून गेल्यासारखं.
वाळूवर, हीटरच्या नळीवर,
मातोउशने लावलेल्या एकुलत्या रोपाच्या पानांवर.
आणि काचेवर.

टाकी तशी त्याचीच, वरच्या मजल्यावरच्या पोराची.
त्याच्या आईला घरात साठ लिटर पाणी नको,
मला घरात काहीतरी हवं होतं,
एवढाच आमचा करार.

पण काचेवर कुणाचं बोट उमटलेलंही मला खपत नाही.
एकतीस वर्षं नोवी बोरच्या कारखान्यात
चाकापुढे बसले.
माझ्या हातून गेलेला पेला दिव्यासमोर धरला
की नुसता दिवा दिसायचा.

फडकं घेतलं, बाही वर सारली,
खांद्यापर्यंत हात आत.
दुधावरची साय निघावी तशी निघाली ती तपकिरी,
इतकी सहज, की मला जरा अपमानच वाटला.
सहा मासे कोपऱ्यात गोळा होऊन
बाईंना आज काय झालंय ते बघत राहिले.
परवा सकाळी उठून बघते तर
ये रे माझ्या मागल्या.

पाणी बदललं. तिसरा हिस्सा, बादलीने, कंबर धरून.
दिवा वाढवला. दिवा कमी केला.
माशांचं खाणं चिमटीवरून अर्ध्या चिमटीवर आणलं.
शेवटी दुकानातला हाविर हसत म्हणाला,
बाई, नवी टाकी आहे, गोवर आल्यासारखं समजा.
औषधबिवषध टाकू नका. महिना-दीड महिना थांबा.
त्याला वाळू लागते,
पाण्यात विरघळलेली. ती खाऊन संपली, की...

वाळू.
पुढचं मी ऐकलं नाही.

ओताकार मिश्रणघरात होता.
वाळू, सोडा, चुना. फावडं. पुन्हा वाळू.
तोंडाला ओला रुमाल,
तोही मुकादम फिरकला तरच.
बावन्नाव्या वर्षी त्याच्या छातीचा फोटो काढला.
डॉक्टरांनी तो उजेडावर धरला
आणि मी सवयीने
बाहीचं टोक मुठीत घेऊन
पुढे झाले.
पुसायला.

रविवारी मातोउश शाळेतला सूक्ष्मदर्शक घेऊन आला.
काचेवरची थोडी तपकिरी नखाने खरवडली,
थेंबात सोडली, म्हणाला, बघा आता.
एक डोळा मिटून बघितलं.
होड्या. सुया. झाकणं लावलेल्या डब्या.
सगळ्या काचेच्या, तो म्हणाला,
पाण्यातून काच काढतात आणि स्वतःभोवती घर करतात.
भट्टी नाही, फुंकणी नाही,
छातीत काही जात नाही कुणाच्या.
मी रेघा मोजल्या. दोन रेघांतलं अंतर सारखं.
कुठे चाक घसरलेलं नाही.
कुठल्या पाळीचा माल हा, विचारणार होते,
पण पोराला त्यातलं काय कळणार.

मग मी फडकं धुऊन कायमचं वाळत घातलं
असं म्हटलं तर खोटं होईल.
सोमवारी पुसलंच.
फक्त पुढची काच, बाजूच्या दोन,
आणि पान फाटू नये म्हणून
दोन बोटांत धरून एकेक पान.
मागची राहू दिली.

हा सातवा आठवडा. बाहेर बर्फ, चार वाजताच अंधार.
तपकिरी पातळ होत चाललीय,
माझ्यामुळे की माझ्याशिवाय, माहीत नाही.
फडक्याला आता नुसता पाण्याचा वास येतो
आणि सकाळचे दहा वाजले
की हात उगाच बाही सारतो.

मातोउशने आणलेली पट्ट्यांची गोगलगाय
मागच्या काचेवर कामाला लागलीय.
तपकिरीतून एक उघडी रेघ काढत निघालीय,
मध्येच थांबते, वळते,
आपलीच रेघ ओलांडून जाते.
मी खुर्ची जवळ ओढून बसते.
पहिल्या वर्षाच्या उमेदवाराचा हात.
असा पेला मी तपासणीत
जागच्या जागी फोडला असता.