चाळीसातली एकतीस

शनिवारी अर्धी शाळा. पोरं गेल्यावर
चौथीच्या वर्गात एकटीच बसले
आणि माझाच तास मला लावून ऐकला.

फोन मागच्या खिडकीत ठेवला होता,
गजाला टेकवून, रुमालाखाली.
कुणी सांगितलं नव्हतं. बस्तवाडकर बाई तर म्हणाल्या,
'पहिलं वर्ष आहे, पगार वेळेवर येतोय, आणि काय पाहिजे?'

आधी स्वतःच्या आवाजाला हसले.
मग वही घेऊन मिनिटं मांडली.
चाळीस मिनिटांच्या तासात
एकतीस मिनिटं मी बोलत होते.
उरलेल्या नऊमध्ये हजेरी, रस्त्यावरचा एक ट्रॅक्टर,
आणि चौदा वेळा 'समजलं का?'ला
चौदा वेळा 'होऽऽ बाई',
लांबलेलं, सुरातलं.
उंबऱ्यावरून पाहुण्याला 'जेवून जावा' म्हणावं
तितकंच खरं.

प्रश्न विचारून किती थांबते, तेही मोजलं.
एक श्वाससुद्धा नाही.
प्रश्नाच्या पाठोपाठ माझंच उत्तर;
खानापूर स्टँडवर बस थांबायच्या आधीच
खिडकीतून टॉवेल टाकून
कुणीतरी जागा धरतं, तसं.

बाविसाव्या मिनिटाला मी विचारतेय,
अर्ध्या भाकरीचं अर्धं म्हणजे किती?
आणि फोनच्या अगदी जवळून
कल्लाप्पा तोपिनकट्टी: 'कालु.'

तो क्षण मला आठवत होता.
मी म्हणाले होते, 'काल नव्हे रे, आजचं सांग!'
वर्ग हसला होता. विनोद जमला म्हणून मीही.
फोनमध्ये ते हसू फार वेळ चालतं.

मागे नेलं. परत ऐकलं.
काल नाही. शेवटी एक बारीक उ आहे,
ओठ मिटता मिटता राहिलेला.
कालु. म्हणजे पाव.
त्याची आई कित्तूरकडची, बाप कौलांच्या भट्टीवर.
त्यांच्या घरात विटेचा तुकडाही कालु, गुळाचा खडाही कालु.
मला कन्नड येतं. परीक्षेत एकाहत्तर मार्क होते.
अर्ज लिहिता येतो, परिपत्रक वाचता येतं.
एका पोराच्या तोंडातलं पाव
तेवढं येत नव्हतं.

पुढची अठरा मिनिटं तो तिथंच आहे, फोनशेजारी.
श्वास ऐकू येतो,
आणि बाकावर नखानं काहीतरी कोरल्याचा आवाज.

माफीचं वाक्य रविवारभर घोकलं.
पण वर्गासमोर मागायची
तर परत सगळ्यांच्या नजरा त्याच्यावरच.
म्हणून सोमवारी भट्टीवरनं माती मागवली,
पिशवीभर, लाल, ओली.
दोऱ्यानं कापली. अर्धं. अर्ध्याचं अर्धं.
फळ्यावर पाव लिहिलं, शेजारी कालु,
दोन्ही सारख्याच मोठ्या अक्षरात.
चारातला एक तुकडा उचलून विचारलं, 'उरलं किती?'
आणि थांबले.

थांबायला डी.एड.ला कुणी शिकवलं नाही.
जीभ टाळूला लावून खिडकीचे गज मोजले. सात.
उलटे मोजले. तरी सातच.
'बाई, विसरलासा काय?' ओंकारनं विचारलं.
'नाही रे. वाट बघूलालेय.'

हे माझ्या तोंडून कसं आलं कोण जाणे.
वडगावातलं, आमच्या परड्यातलं बोलणं,
जूनपासून ह्यांच्या वह्यांत
मी लाल पेनानं जे खोडत आले, तेच.
पोरांनी एकमेकांकडं बघितलं.
कुणीतरी बाक पुढं ओढला.

मग मागनं, 'मुक्कालु.'
आणि जरा वेळानं, बोटाची माती चड्डीला पुसत,
'पाऊण.'

त्या दिवशी चोवीस मिनिटं बोलले.
मंगळवारी तेहतीस; तपासणीचे साहेब आले होते,
मी पुन्हा टॉवेल टाकत सुटले.
आज सव्वीस.
वहीत रोज लिहिते, आकडा कसाही असो.

भिंतीकडच्या रांगेत भाग्यश्री गुरव बसते.
फोन आता तिच्या खिडकीत.