बटाटा निवेपर्यंत

उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत माझी खानावळ.
सहा बाकडी, एक पंखा,
भिंतीवर साखर कारखान्याचं गेल्या सालचं कॅलेंडर.
वार चुकतात, पण चित्रातली बैलजोडी चांगली आहे.

इथं जेवणाचा रंग एकच.
आमटी लाल, उसळ लाल,
चटणीवरचं तेलसुद्धा लाल होऊन बसतं.
पांढरं म्हणजे भात, नाहीतर मीठ.
कुणी दही मागितलंच तर बाकीचे बघायचे,
तालमीत कोणी मफलर गुंडाळून आल्यासारखे.

हिंदुराव पिसाळ भट्टीवरचा.
बावीस वर्षं लोखंडाचं पाणी होताना बघितलेला.
भुवया कधीच जळून गेल्या,
म्हणून चेहरा कायम
आत्ताच काहीतरी ऐकल्यासारखा.
रश्श्याची दुसरी वाटी न मागता घ्यायचा.
चैत्रात एका दुपारी ताट पुढं सारलं,
"वैनी, तोंड आलंय. घास आत जाईना."
आणि मान खाली घालून,
उसने पैसे मागावेत तशा आवाजात,
"काय गार असंल तर बघा."

गार काय असणार माझ्याकडं?
सकाळच्या भाजीतनं मागं ठेवलेले चार बटाटे
कुकरात अजून वाफाळत होते.
गंगावेशीतनं आणलेल्या म्हशीच्या दुधाचं दही होतं,
सुरीनं कापावं असं.

घाई केली.
सोलताना बोटं पोळली, फुंकर मारत
तशाच फोडी दह्यात लोटल्या.
दही फुटलं. पाणी एकीकडं, कण एकीकडं.
त्यानं खाल्लं सगळं.
हात धुताना एवढंच म्हणाला,
"गरम साचा फोडू नये, वैनी.
वरनं काळा पडतो, निवल्यागत वाटतो,
आत लालच असतंय.
फोडला की तडा.
मग सगळा माल परत भट्टीत."

तेव्हापासनं बटाटे परातीत लांब लांब मांडते.
पंख्याखाली ठेवून बघितले, ओला फडका टाकून बघितला.
त्यांना लागतो तेवढा वेळ ते घेतातच.

तोवर मी बाकड्यावर.
पिठाच्या डब्याखाली हक्कसोडपत्र आहे,
धाकट्या भावानं पाठवलेलं.
'फक्त सही कर, ताई' असा मेसेज,
खाली हात जोडल्याचं चित्र.
उत्तर केव्हाचं तयार आहे जिभेवर,
सांडशीनं उचलावं लागेल असं.
फोन हातात घेते,
आणि उठून बटाट्याच्या पोटात अंगठा रुतवते.
कोमट.
फोन ठेवते.

मग दही घोटायचं, रवीनं नाही, पळीनं, सावकाश.
मीठ, चिमूटभर साखर, दाण्याचं कूट,
बारीक चिरलेली कोथिंबीर.
साजूक तुपात जिरं तडतडलं की
तेही वाटीत निववून घ्यायचं.
हात आपोआप तिखटाच्या डब्याकडं जातो,
त्याला नावानं हाक मारून परत बोलवावं लागतं.

आठवड्यात त्याचं तोंड बरं झालं.
तोपर्यंत लेथवाला इलाही "नुसती चव बघतो" म्हणत
दोन वाट्या संपवून गेला होता,
आणि पॉलिशवाली पोरं
"आमास्नी बी तोंड आलंय" म्हणून दात काढत होती.

आता फोडणीत संकेश्वरी मिरची टाकते, एकच, अख्खी.
हिंदुराव ती देठाला धरून बाहेर काढतो,
ताटाच्या कडेला ठेवतो,
रस्सा, भाकरी, भात, गार वाटी, सगळं संपवतो,
आणि शेवटी, कोणी बघत नाही असं बघून,
मिरची खातो.

आज परत मेसेज आला. यावेळी हात जोडलेले नाहीत.
बारा वाजत आलेत, भोंगा होईल.
परातीत अकरा बटाटे.
मधल्याला अंगठा लावून बघितला.

अजून नाही.